गंगीच्या खुंट्यावरची गाडी

गडमुडशिंगीत चिमाक्काच्या नाकाला सगळे वचकून असायचे. दुधाच्या किटलीचं झाकण काढून तिनं एकदा नाक आत घातलं, की संपलं. किटली नीट घासलेली नसली तर ती तिथल्या तिथं उकिरड्याकडं भिरकावून द्यायची आणि वर म्हणायची, "थू! ह्यात दूध घालू व्हय? लोकांच्या लेकरांच्या पोटात जातंय ते."

माणसांचंही तसंच. कुणी फार गोड बोलायला लागलं की चिमाक्का नाक किंचित वर करायची. समोरचा शहाणा असला तर तेवढ्यावर ओळखून गप्प व्हायचा. नसला तर मग तिचं तोंड चालू व्हायचं.

पूर्ण नाव चिमणाबाई पिराजी चौगले. पन्नाशी ओलांडलेली, हाडापेरानं दणकट. लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट, कपाळावर ठसठशीत कुंकू. पिराजीची कंबर गेली त्या साली तिनं त्याची एम-एटी दुचाकी हातात घेतली. दोन्ही बाजूंना किटल्या अडकवून पार राजारामपुरीपर्यंत रतीब घालायला लागली. आधी रस्त्यावरची माणसं माना वळवून बघायची, मग त्यांनीच सोडून दिलं. तसल्या गाड्या निघायच्या कधीच बंद झाल्या, गावातल्या बाकीच्या भंगारात गेल्या. हिची मात्र चालूच. "ती बंद पडायला भित्या," असं तिचा धाकटा भाऊ कृष्णात म्हणायचा.

देवाधर्माचं तिनं कधी अवडंबर केलं नाही. धारा काढायच्या आधी हात जोडायचे, गुरुवारी एक वेळ जेवायचं, आणि जमेल त्या पौर्णिमेला नृसिंहवाडीला जाऊन पादुकांपुढं डोकं टेकायचं. नवसाची लेक झाली ती पौर्णिमेलाच, म्हणून नाव पूर्णिमा. एकुलती एक.

ह्या पूर्णिमाचं लग्न गेल्या साली कोल्हापुरातल्या राजवीरशी झालं, आणि चिमाक्काच्या नाकानं आयुष्यात पहिल्यांदा दगा दिला. मुलगी बघायला आला तेव्हा तो अत्तर लावून आला होता. "त्या अत्तराच्या खाली काय हाय ते हुंगायचं ऱ्हायलं बघ," असं ती पुढं कृष्णातला सांगायची. मुलगा प्लॉटच्या व्यवहारात असतो, असं सांगितलं होतं. कुठल्या प्लॉटच्या, कुणाच्या व्यवहारात, हे लग्न होऊन वर्ष सरलं तरी कुणाला सापडलं नाही. मात्र चौकातल्या कुणाच्याही वाढदिवसाच्या फ्लेक्सवर तो गॉगल लावून हजर असायचा.

गुढीपाडव्याला पूर्णिमा माहेरी आली. दोन दिवसांसाठी आलेल्या लेकीची पिशवी केवढी असते ते आईला कळतं. ही पिशवी तशी नव्हती. चिमाक्कानं एकदा पिशवीकडं बघितलं, एकदा लेकीकडं, आणि चहा टाकला. पूर्णिमानं आल्या आल्या पदर खोचला आणि किटल्या घासायला बसली. त्या आधीच घासलेल्या होत्या.

चार दिवसांनी विहीणबाईंचा फोन आला.

"आक्का, यंदा जेष्ठ अधिक हाय न्हवं? आमच्या राजवीरचा पहिलाच धोंडा."

"हाय की. बोलवतो की आमी." चिमाक्का म्हणाली. कोल्हापूरच्या बायका बोलताना पुरुषासारखंच येतो-जातो म्हणतात, तशीच तीही.

"बोलवाल वो. पर आमच्यात धोंड्याला जावयाला गाडी घालायची पद्धत हाय."

"कुठल्या पोथीत हाय?"

विहीणबाई खळखळून हसल्या. "पोथीत कशाला? हौस असती एकेकाची. आमचं काय मागणं न्हाय बरं का. त्याला ती जुन्या घाटाची आवडती, बुलेटसारखी. काळी नको म्हणतोय, हिरवी, मिलिटरीत असती तसली. आन गाडी आली की येतोयच की पूर्णिमाला न्यायला. नव्या गाडीवरनंच नेणार म्हणतोय."

फोन ठेवल्यावर चिमाक्कानं पदराच्या टोकानं कान पुसला. मग पदर हुंगला.

अधिक महिना तिच्या लेखी लहानसहान गोष्ट नव्हती. तीन वर्षांनी येणारा पुरुषोत्तमाचा महिना. लेक-जावई म्हणजे लक्ष्मीनारायणाचा जोडा. त्यांना जेवायला बोलवायचं, पाटावर बसवून पाय धुवायचे, पुरण भरलेले धोंडे तुपात बुडवून वाढायचे, आणि मग ऐपतीप्रमाणं वाण हातावर पाणी सोडून द्यायचं. तिच्या आईनं पिराजीला तांब्याचा दिवा दिला होता, तो अजून देव्हाऱ्यात तेवत होता. त्या महिन्याच्या नावावर कुणी मिलिटरी रंगाची गाडी मागितलेली ऐकून तिला नासक्या दुधाचा घोट घेतल्यासारखं झालं.

"द्यूया की," संध्याकाळी गोठ्यात खाटल्यावर बसून पिराजी म्हणाला. "एकदा दिली की तोंड बंद हुतंय."

चिमाक्का गंगीच्या कासेला बसली होती. गंगी म्हणजे तिची सगळ्यात गुणी म्हैस. "उंबऱ्यातल्या कुत्र्याला भाकरी टाकली की त्येचं तोंड बंद हुतंय व्हय? ते तिथंच बसतंय."

"मग लेकीला ठिवून घेणार हाईस?"

धारेचा आवाज तेवढा थांबला. पूर्णिमा वैरण घेऊन दारातच उभी होती. चिमाक्कानं मान न वळवता विचारलं, "तुला जायचं हाय का गं?"

"गाडी न्हाय मिळाली तर तिथं रोज ऐकायला लागंल, आई."

"ते न्हाय इचारलं. जायचं हाय का?"

पूर्णिमानं वैरण गव्हाणीत टाकली, सारखी केली, पुन्हा सारखी केली. "गेलं पायजे न्हवं," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

चिमाक्काला त्या 'पायजे'चा अर्थ नीट लागेना. लेकीचा संसार आपल्या नाकापायी मोडला असं व्हायला नको, एवढंच तिला कळलं. दुसऱ्या सोमवारी गंगी आणि तिची मोठी रेडी वडगावच्या बाजारात गेल्या. घेणारा चंदगडचा होता, बोलण्यावरून भला वाटला. चिमाक्कानं दाव्याचं टोक त्याच्या हातात दिलं आणि बजावलं, "तिकडं पाऊस लई. गोठ्यात फरशी घाल, चिखलात उभी करू नगंस. तिला वल्या जागंत बसायची किळस हाय." तो म्हणाला, "माणसावानी हाय की." चिमाक्का म्हणाली, "माणसापेक्षा बरी हाय."

अधिकात नवी वस्तू घरात आणायची नाही. म्हणून अक्षय्य तृतीयेलाच शोरूमला जायचं ठरलं. म्हशींचे पैसे आणि दूध संस्थेनं दिवाळीला दिलेले, जपून ठेवलेले दरफरकाचे पैसे, सगळं त्यात गेलं.

शोरूममध्ये गाडीवर लाल मखमली कापड टाकलेलं. फुगे. कर्ण्यावर गाणं. टाय बांधलेला एक पोरगा हातात पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली घेऊन उभा.

"मॅडम, नाव कुणाचं घालायचं?"

कृष्णातनं राजवीरला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. "पावणं, तुमची कागदं पाठवा की."

"आता कुठं शोधत बसू?" तिकडून आवाज आला. "घाला मम्मींच्याच नावावर. पुढचं पुढं बघता येतंय. रंग हिरवाच घेतलाय न्हवं?"

'मम्मी' ऐकून चिमाक्काच्या अंगावर सरसरून काटा आला. नाव तिचं पडलं. मग टायवाल्यानं ती पुठ्ठ्याची किल्ली तिच्या हातात दिली, कापड ओढलं, आणि शोरूममधली सगळी पोरं त्याचाच पगार मिळत असल्यासारख्या टाळ्या वाजवायला लागली.

"हसा, मॅडम!"

"हसाय काय झालंय?"

तसाच फोटो निघाला. शर्ट घातलेली बाई, हातात पुठ्ठ्याची किल्ली, चेहरा किटलीत नाक घातल्यासारखा. कृष्णातनं तो जपून ठेवलाय, अजून दाखवतो.

नवी गाडी आधी वाडीला न्यायची, मग दारात आणायची, हे ठरलेलं. कृष्णात चालवत होता, ती मागं. नृसिंहवाडीला देवळाबाहेर पुजाऱ्यांनी गाडीला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला, टाकीवर कुंकवाचा स्वस्तिक काढला.

"वाहन कुणाच्या नावानं? नाव, गोत्र सांगा."

कृष्णात 'जावयाच्या' म्हणणार होता. चिमाक्कानं त्याला कोपरानं ढोसलं. "कागदावर माझं हाय. देवाच्या दारात खोटं कसं सांगायचं?"

"गोत्र?"

"ते काय ठावं न्हाय."

"मग काश्यप म्हणा. चिमणाबाई पिराजी चौगले, काश्यप गोत्र..."

आजवरच्या साऱ्या पूजांमध्ये तिचं नाव पिराजीच्या मागं 'सहकुटुंब' ह्या एका शब्दात येऊन गेलं होतं. आज ते एकटंच, पुढं, घंटेच्या आवाजात उच्चारलं गेलं. तिला बरं वाटलं. आणि बरं वाटलं ह्याचीच शिसारी आली. म्हैस विकून, दुसऱ्याला द्यायला घेतलेली वस्तू, आणि आपल्यालाही हाव सुटायला लागली की काय? आत जाऊन ती पादुकांपुढं नेहमीपेक्षा जास्त वेळ वाकली.

घरी आल्यावर गाडी ठेवायला जागा कुठं? गोठ्यात गंगीचा खुंटा मोकळा होता, तिथंच लागली. शेजारच्या चांदी म्हशीनं मान लांब करून टाकी हुंगली आणि जोरात फुरफुरली. "बघ," चिमाक्का पिराजीला म्हणाली, "हिलाबी पसंत न्हाय."

पण धोंड्याला अवकाश होता, आणि कृष्णातनं सांगितलं, "आक्का, नुसती उभी ठेवलीस तर बॅटरी बसंल. रोज जरा फिरवत जा." तो स्वतः एमआयडीसीत कामाला, रोज कुठला यायला? मग चिमाक्काच. एम-एटीचे गिअर हाताचे, हिचे पायाचे. पहिल्या दिवशी गाडीनं तिला माळाच्या रस्त्यावर उसाच्या रानातल्या माणसांच्या देखत चारदा बंद पडून दाखवलं. "नुसतं धूड!" ती शिव्या घालायची. "तेल ढोसतंय आन डुकरावानी गुरगुरतंय." पण जायची रोज. एका सकाळी मागं पूर्णिमाही बसली. खड्ड्यातून दणका बसला तशी दोघी एकदम उडाल्या, आणि पूर्णिमा हसली. मोठ्यांदा, तोंडावर हात न ठेवता. माहेरी आल्यापासून पहिल्यांदाच. चिमाक्कानं आरशात बघितलं आणि गाडी मुद्दाम दुसऱ्या खड्ड्यातून घातली.

धोंड्याचा दिवस उजाडला. तेहतीस धोंडे उकडून परातीत. दारात रांगोळी. देव्हाऱ्यापुढं पितळी ताटात तांदूळ, त्यावर विड्याचं पान, पानावर गाडीची किल्ली. शेजारी पाण्यानं भरलेला तांब्या. जेवण झालं की वाण द्यायचं.

राजवीर आला तो आवाज करतच आला. तो आणि दोन मित्र एका गाडीवर, विहीणबाई मागून रिक्षानं. मित्र चपलांसकट रांगोळीतून आत. एकाच्या हातात केकचा खोका, दुसऱ्याच्या खांद्याला गोणपाट आणि कापडात गुंडाळलेलं काहीतरी लांबडं. राजवीर घरात आलाच नाही. तडक गोठ्यात गेला, गाडीभोवती फिरला.

"आरसे गोल का घेतले? आन शेणाचा वास मारतोय की हिला, मम्मी!"

"म्हशीच्या जागी उभी हाय, पावणं. अत्तराचा कुठनं मारंल?"

पूर्णिमा नवं लुगडं नेसून उंबऱ्यात उभी होती. तिच्याकडं त्यानं बघितलं ते "पाणी आण गं" म्हणायला.

पाटावर बसवलं. पिराजी दुखरी कंबर धरून खाली बसला, परात पुढं ओढली, जावयाचे पाय धुवायला लागला. जावयाचा अंगठा मोबाईलवर. "मामा, जरा उरका. ऊन डोक्यावर आलं की रील चांगलं येत न्हाय." पिराजी म्हणाला, "झालंच, झालंच." ओल्या हातानं जमीन धरून उठायचा प्रयत्न करणाऱ्या नवऱ्याला चिमाक्कानं दंडाला धरून उभं केलं. नारायण म्हणून बसवलाय, नारायण म्हणून बसवलाय, असं ती मनात म्हणत राहिली. पण नाकाला मात्र अत्तराखालचा तंबाखूच्या माव्याचा भपकारा येत होता. मावा तोंडात धरूनच तो धोंड्याच्या पाटावर बसला होता.

एक धोंडा मोडला, अर्धा घास घेतला, ताट सारलं. "गोड बंद केलंय मी."

"खा रे एक तरी," विहीणबाई कौतुकानं म्हणाल्या. "सध्या जिमला जातोय न्हवं आक्का, लई पथ्य."

"बरं, वाण देतो," चिमाक्का देव्हाऱ्याकडं वळली. "जोडीनं बसा दोघं. पाणी सोडायचं हाय."

"ते मागनं करा की, मम्मी!" राजवीर उठला, ताटातली किल्ली स्वतःच उचलली आणि बाहेर गेला. पान तांदळावर उलटं पडलं. चिमाक्का तांब्या हातात घेऊन तशीच उभी.

गोठ्यापुढं मग जत्राच. गाडी बाहेर काढली, सीटवर केक ठेवला, कापडातून तलवार निघाली. कुणाच्या तरी वरातीसाठी भाड्यानं आणलेली, मुठीवर चिठ्ठी अजून चिकटलेली. केक कापला, एकानं दुसऱ्याच्या तोंडाला फासला, दुसऱ्यानं बोटं टाकीला पुसली. वाडीच्या कुंकवाचा स्वस्तिक गुलाबी चिकट चिखल होऊन खाली ओघळला. मित्रानं मावा थुंकला तो बरोबर गंगीच्या खुंट्याच्या बुडात.

मग गोणपाटातून सायलेन्सर निघाला. मोकळा, फाटक्या आवाजाचा. कंपनीचा काढून कडब्यावर फेकला, हा चढवला. पिराजी म्हणाला, "वो, म्हैस नवी व्यालीय, आवाज नगा करू." कुणी ऐकलं नाही.

फाड्! फाड् फाड्!

चांदीनं एकच हिसडा दिला. दावं तुटलं, पाण्याची घमेली उडाली, आणि तिचं आठवड्याचं रेडकू भेदरून मागं सरता सरता मुताच्या गटारात पडलं. पूर्णिमा नव्या लुगड्यानिशी धावली, गटारात उतरली, रेडकू पोटाशी धरलं.

"ए पूर्णिमा!" राजवीर ओरडला. "तिकडं काय घाणीत? हिकडं मागं येऊन बस, व्हिडिओ चाललाय!"

आणि पुन्हा फाड् फाड्. मित्र हसत म्हणाला, "चौकात पोलिसांनी धरलं म्हंजे?"

"धरू दे की. गाडी सासूच्या नावावर हाय. दंड मुडशिंगीला!"

सगळे हसले. विहीणबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या.

चिमाक्का पायऱ्या उतरली. कुणाला वाटलं ती चांदीला धरायला निघालीय. ती गाडीपाशी गेली, हात घालून किल्ली फिरवली, काढली आणि पोलक्यात खोचली. एकदम शांत झालं. चांदीचा धापा टाकल्याचा आवाज तेवढा.

"पावणं, उतरा."

"काय झालं, मम्मी?"

"तुमची मम्मी ती तिथं उभी हाय. उतरा खाली."

विहीणबाई पुढं आल्या. "आक्का, ह्ये काय? दिलेलं वाण माघारी घेतासा? अधिक महिन्यात? पाप लागतंय वो!"

"दिलंय कुठं?" चिमाक्कानं डाव्या हातातला तांब्या वर केला. तो अजून काठोकाठ होता. "वाण देताना हातावर पाणी सोडत्यात. मी सोडाय निघालोतो, तुमच्या लेकाला सवड न्हवती. पाणी सुटलं न्हाय, तोवर वस्तू माझी. वाडीला माझ्याच नावानं पुजलीया."

राजवीर हसायला गेला, पण मित्रांनी साथ दिली नाही. विहीणबाईंचा आवाज चढला. "असं व्हय? मग कन्यादानाला पाणी सोडलंसा की! ती तर आमची न्हवं? का तीबी ठिवून घेतासा? गाडी न्हाय तर पोरगीबी ऱ्हाऊ दे हितंच!"

चिमाक्काच्या तोंडापर्यंत शंभर शिव्या आल्या, पण इथं तिच्या बोलण्यानं भागणार नव्हतं. गोठ्यातल्या त्या 'पायजे'चा अर्थ तिला अजूनही लागलेला नव्हता. तिनं लेकीकडं बघितलं.

पूर्णिमा गटारातून वर आली. गुडघ्यापर्यंत शेणामुताचा राडा, नवं लुगडं गेलेलं, पोटाशी थरथरणारं रेडकू. राजवीरनं तिच्याकडं बघून नाक दाबलं. खरंच दाबलं, दोन बोटांनी.

पूर्णिमानं ते बघितलं. मग ती कडब्यापाशी गेली, कंपनीचा सायलेन्सर एका हातानं उचलला आणि मित्राच्या पायाशी टाकला.

"आई, तांब्या आत ने," ती म्हणाली. "आन ह्यो होता तसा बशीवल्याबिगर कुणाला जाऊ देऊ नगं."

"आगं, कळतंय का काय बोलायलीस?" राजवीर पुढं सरला.

आता पिराजी मध्ये आला. आयुष्यात त्यानं कुणापुढं आवाज काढला नव्हता, आजही काढला नाही. कंबरेवर हात ठेवून नुसता उभा राहिला आणि म्हणाला, "पोरीनं सांगितलंय तसं करा. पान्हे हाईत न्हवं?"

गल्ली जमली होती. मित्रांनी मुकाट्यानं पान्हे काढले. तापलेल्या सायलेन्सरचे नट सुटता सुटेनात, बोटं भाजत होती, तोंडावरचा केक उन्हानं वितळून कॉलरमध्ये उतरत होता. चिमाक्का खाटल्यावर बसून बघत राहिली. "डावीकडचा नट ढिला ऱ्हायला," मध्येच एकदा म्हणाली. विहीणबाई रिक्षात बसून घाम पुसत होत्या. काम संपल्यावर राजवीर जाता जाता म्हणाला, "म्हशीतच ऱ्हावा मग आयुष्यभर!"

"व्हय," पूर्णिमा म्हणाली आणि रेडकाचं अंग पुसत राहिली.

ते गेल्यावर चिमाक्कानं आधी गंगीचा खुंटा राखेनं आणि गरम पाण्यानं घासला. मग गाडी. टाकीवरचा केक उन्हात आंबला होता, त्याचा गोडूस, कुजका वास नाकात बसला. तो फडक्यानं निघेना, मग नखांनी काढला, आणि प्रत्येक वेळी बोटं झटकून ती "थू" करत होती. त्यांची किळस होतीच. पण ज्यानं वर्षभर पोरगी नांदवली त्याचा वास आपल्याला अत्तरातनं आला नाही, आणि म्हैस विकेपर्यंत आपण त्या घाणीत हात घालत गेलो, ह्याची किळस जास्त. ती काही साबणानं जाणारी नव्हती.

"देव रागावंल का गं?" पिराजीनं विचारलं. "नारायण उपाशी गेला."

"त्यो नारायण असता तर जेवून गेला असता," ती म्हणाली. तरी धोंड्यांची परात तिनं देव्हाऱ्यापुढं ठेवली, हात जोडले. मग पहिला धोंडा चांदीच्या तोंडात दिला आणि बाकीचे गल्लीत वाटायला पिराजीला पाठवलं.

पूर्णिमा न्हाऊन आली. जुनं पातळ नेसलेली. कुंकवाची डबी घेऊन तिनं टाकीवर नवा स्वस्तिक काढला, जरा वाकडाच आला. पुढं काय, वकील का पंचमंडळी, ते सगळं यायचंच होतं. विहीणबाईंचे फोन यायचे होते, गावच्या बायकांचे सल्ले यायचे होते, त्यांचेही वास घ्यायचे होते. लेकीची मोठी पिशवी मात्र त्या दिवशी रिकामी होऊन फळीवर गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे एम-एटी चालू व्हायलाच तयार होईना. चिमाक्कानं दोन शिव्या हासडल्या आणि गाडी गंगीच्या खुंट्यावरून सोडली. एक किटली काथ्यानं बाजूला बांधली, दुसरी पूर्णिमा मांडीवर घेऊन मागं बसली. "धूड मेलं, किटली अडकवाय जागा न्हाय," राजारामपुरी येईपर्यंत चिमाक्काची कुरकुर चालू होती. नीट गुरगुरत गाडी रतिबाच्या पहिल्या दारात उभी राहिली.

आतून पातेलं घेऊन त्या घरच्या वकीलबाईंच्या सासूबाई आल्या आणि पायरीवरच थबकल्या.

"आगं बया! चिमाक्का, जावयाची गाडी का?"

"न्हाय," चिमाक्का किटलीचं झाकण काढत म्हणाली. नाक आत घालून तिनं वास घेतला, मग माप बुडवलं. "म्हशीची."